दार उघडलं की लागणारा दिवा

"गाडीतला दिवा लागंना झालाय," बाई म्हणाली आणि हातातली पिशवी तिनं माझ्या दुकानासमोर उभ्या असलेल्या टेम्पोच्या चाकाशी ठेवली.

गडहिंग्लजच्या बाजाराचा दिवस होता. त्या दिवशी माझ्या दुकानापुढं पाय ठेवायला जागा नसते. मी टेम्पोच्या डॅशबोर्डखाली अर्धा आत, अर्धा बाहेर पडलेलो, तोंडात वायर धरलेली. तसंच दातांतून विचारलं, "कुठला दिवा? पुढचा?"

"न्हाई. आतला. छताचा."

मला हसूच आलं. गाड्यांच्या वायरी जोडण्यात माझा जन्म गेला, पण आतला दिवा बिघडला म्हणून मुद्दाम कुणी माझ्याकडं आल्याचं मला आठवत नाही. हॉर्न वाजला नाही की आपला माणूस कासावीस होतो. टेप बंद पडला तर त्याला घास गोड लागत नाही. आतला दिवा मात्र गेला की गेला, वर्षानुवर्षं त्याच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नाही. बघणारी ही पहिलीच, आणि तीही पायात झिजलेली स्लिपर घातलेली, डोक्यावरचा पदर सावरणारी खेड्यातली बाई.

"गाडी घेऊन या मावशी, बघतो."

"गाडी कोण आणणार? चालवणारा गेला न्हवं."

तेव्हा मी वायर तोंडातून काढली, बाहेर आलो आणि नीट बघितलं. संताजी रेडेकरची आई होती. आनुमावशी.

याला आता बरीच वर्षं झाली. संताजी तेव्हा वडाप करायचा, म्हणजे आपल्या पांढऱ्या व्हॅनमधून गावची माणसं बाजाराला आणायची नि परत न्यायची. तिशीचा पोरगा, लग्नाचं बघणं चाललेलं. माझं कायमचं गिऱ्हाईक, आणि घासाघीस करण्यात असा पटाईत की काम फुकट करून वर चहाही मीच पाजायचो. त्या बाजाराच्या महिनाभर आधी एका संध्याकाळी तो घरी आला, दारात गाडी लावली आणि गाडीतच गेला. हृदय बंद पडलं म्हणाले. बसल्या जागी गेला, हाल झाले नाहीत, असं सगळा बाजार बोलत होता. मीही तेच बोललो होतो. तरणा माणूस गेला की लोकांना काहीतरी बरं बोलायला लागतंच.

"गाडी इकायची हाय," आनुमावशी म्हणाली. "गिऱ्हाईक येणार हाय. दिवा लागल्याबिगर मी गाडी हलवू देणार न्हाई."

"मावशी, आतल्या दिव्यासाठी कुठलंबी गिऱ्हाईक अडून बसत नाही."

"मी बसलीया अडून."

टेम्पोवाल्याच्या शिव्या खात मी हत्यारांची पिशवी उचलली. मावशी माझ्या मोटरसायकलवर मागं बसली आणि दोन्ही पिशव्या तिनं मांडीवर घट्ट धरल्या. गाव काही लांब नव्हतं. अर्ध्या वाटेत तिनं कानाजवळ येऊन माझं नाव घेत विचारलं, "बसू, त्यो दिवा लागतो कवा कवा?"

"दार उघडलं की लागतो. लावलं की जातो."

"आणि दार लावलेलंच असलं तर?"

"दिव्यालाच एक बटण असतंय. ते सरकवलं की दार बंद असलं तरी लागतो."

"म्हंजे आत बसल्या बसल्या लावता येतो."

"येतो की."

मला वाटलं, वाट सरावी म्हणून विचारतेय. माणूस गेल्यावर बायका त्याच्या वस्तूंचं काहीबाही विचारत बसतात, तसंच असेल.

घर रस्त्यालाच होतं. पुढं दगडी कट्टा, कट्ट्याला लागूनच पत्र्याच्या शेडखाली व्हॅन आणि बाजूला स्वयंपाकघर, त्याची खिडकी नेमकी गाडीवर उघडणारी. कट्ट्यावर दौलूमामा, म्हणजे संताजीचा बाप, दावं वळत बसले होते. मला बघितल्यावर त्यांचे हात थांबले.

"ह्याला कशाला आणलंस?"

"दिवा बघाय," मावशी म्हणाली.

"खुळी का काय तू? गिऱ्हाईक काय दिवा बघून गाडी घेणार हाय?" मग माझ्याकडं वळून जरा मवाळपणे म्हणाले, "बसू, आलाईस तर च्या पी आणि जा बाबा. बाजाराचा दिस तुझा, उगंच खोटी हू नगंस."

दुकानात मीही तेच म्हणालो होतो, पण त्यांच्या तोंडून ते निराळं वाटलं. मला घालवायची फार घाई होती त्यांना.

"च्या ठेवते मी," मावशी म्हणाली. "तू बघ बसू." आणि ती आत गेली.

आता खरं सांगायचं तर मलाही त्या गाडीत शिरायला जड जात होतं. सीटवर संताजीनं घातलेला टॉवेल तसाच होता. आरशाला लिंबू-मिरची लटकत होती, वाळून कोळसा झालेली. पण कामाला लागलं की मन त्यात अडकतं, एवढं बरं आहे आमच्या धंद्याचं. मी किल्ली फिरवून हॉर्न दाबला. तो एवढ्या जोरात वाजला की दौलूमामा कट्ट्यावरून उभेच राहिले. संताजीचा हॉर्न सगळ्या गावाला पाठ होता. पलीकडच्या घरातून एक बाई डोकावून गेली. मी ओशाळलो आणि "बॅटरी बघत होतो" असं पुटपुटलो.

हॉर्न वाजला म्हणजे बॅटरी शाबूत. त्या गाडीत हॉर्न आणि आतला दिवा एकाच फ्यूजवर होते, म्हणजे फ्यूजही शाबूत. छताला हात घातला आणि दिव्याचं बटण सरकवलं, तर दिवा लागला की! दुपारच्या उजेडात पिवळा, मरगळलेला, पण लागला. म्हणजे बल्बही चांगला. मी बटण परत मधोमध आणलं. आता दार उघडं असताना तो लागायला हवा होता आणि लागत नव्हता. दोष दाराकडचा होता, यात शंका उरली नाही.

दाराच्या चौकटीत एक छोटं दाबायचं बटण असतं, वर रबराची टोपी. दार लावलं की ते दाबलं जातं आणि दिवा जातो, दार उघडलं की ते बाहेर येतं आणि दिवा लागतो. सगळी करामत एवढीच. या व्हॅनला ते फक्त चालवणाऱ्याच्या दाराला होतं. मी रबर काढलं. स्क्रूचं डोकं चुकीच्या पान्यानं खरवडलेलं दिसलं आणि माझं डोकं फिरलं. आमच्या गावात वायरिंगवाले म्हणवणारे नवे उपटसुंभ निघालेत, त्यांचंच काम असणार. बटण ओढून बाहेर काढलं तर मागं वायरच नव्हती. भोकात चिमटा घालून चाचपलं तेव्हा ती सापडली. आत दडपलेली होती. टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि पट्टी सोडवली तर आतली तांब्याची तार सरळ, चकचकीत.

"मामा," मी मोठ्यानं म्हणालो, "कुठल्या गाढवाकडं गाडी दिली होती तुम्ही? चांगली वायर कापून ठेवलीया!"

दौलूमामा आले ते जवळजवळ धावतच. माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि आधी खिडकीकडं बघितलं. आत स्टो भरभर वाजत होता.

"हळू बोल," ते म्हणाले. "मीच कापलीया."

"तुम्ही? कशाला?"

"तिला सांगू नगंस. वायर कुजली म्हण. उंदरानं खाल्ली म्हण. काय बी म्हण, पर कापली म्हणू नगंस."

"पण मामा, झालंय काय?"

ते हातातलं दावं चुरगळत राहिले. मला वाटलं, आता उठून जातील. पण ते बोलले, आणि बोलताना माझ्याकडं बघत नव्हते, गाडीच्या पायरीकडं बघत होते.

"त्यो बसल्या जागी गेला न्हाई, बसू. दार उघडं हुतं. एक पाय भुईला टेकलेला. उतराय बघत हुता. मी आलो तवा तसाच वाकडा होऊन पडल्याला, हात गार. मी पाय उचलून आत ठिवला, दार लावलं, मगच तिला हाक दिली. तिला वाटतंय, फोनवर बोलत बसला हुता आणि तसाच गेला. वाटू दे की. तेवढ्यावर तर जगालीया ती."

"आणि दिवा?"

"तिनं त्या सांजंला खिडकीतनं दिवा बघितलाय. लई येळ बघितलाय. भाकऱ्या करत हुती. दिवा हाय म्हंजे पोरगा बसलाय, इल, असं म्हणत हुती. आणि तिसऱ्याला पावण्यातल्या कुणीतरी दार उघडलं, तर दिवा लागला. ती बघतच ऱ्हायली दिव्याकडं. मला घाम फुटला. तिला उमगलं की दिवा दारानं लागतो, पोरगा दार उघडून उतरत हुता आणि ही भाकऱ्या करत बसली हुती, तर काय हुईल तिचं? हीर काय लांब न्हाई आमच्या घराला. पावणं गेल्याव मी वायर कापली."

वाटेत मोटरसायकलवर मी तिला काय सांगितलं होतं ते मला आठवलं. दार उघडलं की लागतो. केवढ्या झोकात सांगितलं होतं! आणि तिनं पुढचं विचारलं होतं ते, बंद दारात लागतो का. ती वाट सरावी म्हणून विचारत नव्हती.

स्टो बंद झाला. दौलूमामांनी माझं मनगट धरलं. "बसू, पाया पडतो तुझ्या."

बापाच्या वयाचा माणूस असं बोलला की काय करायचं? मी दिवा बघायला आलो होतो. आता मी काय बोलतो यावर त्या बाईचं जगणं-मरणं ठरणार होतं, आणि एवढी मोठी गोष्ट कुणी माझ्या हातात द्यावी, हेच मला नको होतं. तरी मी मान हलवली. खोटं बोलायचं ठरलंच तर नीट बोलायचं, एवढं मनाशी पक्कं केलं.

मावशी कपबशा घेऊन आली. एक मला दिली, एक मामांना. मामा कप घेऊन परत कट्ट्यावर जाऊन बसले. ती मात्र व्हॅनच्या पायरीवर, उघड्या दाराशी बसली.

"सापडलं?"

"सापडलं की. वायर कुजली होती मावशी. पावसाळ्यात ओल जाते दारातनं. सगळ्या गाड्यांचं होतंय."

"आणि दुसरं काय न्हाई?"

"दुसरं काय असणार? जोडली की लागंल."

तिनं पदरानं पायरीवरची धूळ पुसली. मग सावकाश म्हणाली, "त्या दिशी दिवा लागल्याला हुता. मी बघितलाय."

"असणारच," मी लगेच म्हणालो. "मी सांगितलं की तुम्हाला, छताचं बटण असतंय. फोनमधलं काहीतरी बघायला त्यानंच लावला असंल. आत बसून, दार लावून. माझ्यापुढंच किती वेळा लावायचा तो."

हे शेवटचं मी पदरचं घातलं होतं. पण छान जमलं असं मला वाटलं. कट्ट्यावर मामांनी चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला.

"आस्सं," मावशी म्हणाली. "मग मी भाईर पळत आले तवा अंधार कसा?"

मी तिच्याकडं बघितलं.

"ह्यांनी हाक दिली, मी पळत आले, तर गाडीत अंधार. बटणानं लावल्याला दिवा कुणी घालवला? त्यानं? जीव गेल्यावर?"

धंद्यात मुरलेला माणूस मी, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. दिवा कसा लागला याचं खोटं मी तयार ठेवलं होतं. तो गेला कसा, याचं ठेवलंच नव्हतं.

"वायर दाव."

"मावशी, आता जोडतोच मी, तुम्ही कशाला..."

"दाव म्हटलं न्हवं लेकरा."

मी मुठीत धरलेलं टोक सोडलं. ती वाकली, टोक दोन बोटांत धरून तिनं जवळून बघितलं, त्यावरून अंगठा फिरवला. "कुजल्याली वायर अशी आसती व्हय? जलमभर इळा चालवलाय मी. तुटल्यालं कुठलं आणि कापल्यालं कुठलं, मला कळत न्हाई व्हय?"

कट्ट्यावर कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. मावशीनं तिकडं बघितलंही नाही. ती माझ्याशीच बोलत होती, पण मला कळत होतं की ते माझ्यासाठी नाही.

"दार उघडं टाकायची खोड हुती त्याला. दार उघडं, दिवा चालू, आणि ह्यो आपला सामान उतरत बसायचा. मी आतनं वरडायची, दार लाव रं, बॅटरी उतरंल. रोजचंच हुतं. त्या दिशी बी वरडले. दिवा दिसत हुता, म्हंजे दार उघडं हुतं. दार लाव रं, बॅटरी उतरंल." ते तिनं अशा सुरात म्हटलं की त्या संध्याकाळी ती नेमकी कशी ओरडली असेल ते मला ऐकू आलं. "त्यो काय बोलला न्हाई. मी परत वरडले. जरा रागानंच वरडले."

"मावशी..."

"मला पयल्यापासनं ठावं हाय, बसू. दार उघडं हुतं, म्हंजे त्यो उतरत हुता. आणि मी भाईर आले तवा दार लावल्यालं हुतं. तिसऱ्याला दार उघडलं, दिवा लागला. त्याच्याम्होरं लागायचा बंद झाला. तवापास्नं ह्येच डोक्यात. गाडी बिघडली, का कुणी बिघडीवली? गाडी बिघडली आसंल तर हे सगळं मला एकटीलाच ठावं. आणि बिघडीवली आसंल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला बी ठावं. महिनाभर मी ह्यांच्या म्होरं ताट ठेवालीया आणि मला कळंना, ह्या माणसाला ठावं हाय का न्हाई."

म्हणून तिनं दिव्याचा हट्ट धरला होता. गाडी एकदा विकली गेली असती तर तिला ते कधीच कळलं नसतं.

दौलूमामा कट्ट्यावरून उतरून आले आणि दाराला धरून उभे राहिले. "मी कापली," ते म्हणाले. "तुला कळू नये म्हणून कापली."

"व्हय," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. खरं म्हणजे मला वाटलं, तिला थोडं हलकं वाटलं असावं. तिनं पायरीवर सरकून त्यांना जागा करून दिली. मामा तिच्याशेजारी बसले. दोघंही समोर बघत होती, आणि मला तिथून उठून जायचं होतं, पण माझी हत्यारं त्यांच्या पायाशी पसरलेली होती.

"पाय भाईर हुता?" तिनं विचारलं.

"एक."

"कुठला?"

"उजवा."

तिनं मान हलवली. कुणी जमिनीचा बांध सांगावा तसं मामा सांगत होते आणि ती ऐकून घेत होती. मला वाटलं, झालं, एवढंच. दोघांना आता सगळं ठाऊक आहे, आता रडतील, आणि मग हळूहळू सावरतील. त्यांचं त्यांना मोकळं व्हायला मिळालं, हेही काही कमी नाही.

"आता एक ईचारते," मावशी म्हणाली. "खरं सांगा. माझा स्टो वाजत हुता. मला काय बी ऐकू आलं न्हाई. तुमी हितंच कट्ट्यावर हुतासा."

मामांचे हात पुन्हा दाव्याकडं गेले. पण दावं कट्ट्यावर राहिलं होतं.

"हाक मारली हुती का त्यानं?"

नाही म्हणा, मी मनातल्या मनात म्हणत होतो. महिनाभर एवढं झाकलंत, आता हे एक नाही म्हणून टाका. कोण विचारायला येणार आहे? जो सांगणार तो तर गेला. मी त्यांच्याकडं बघून मान हलवली, अगदी उघड उघड हलवली. पण ते माझ्याकडं बघत नव्हते.

"मारली," ते म्हणाले.

"कुणाला?"

"तुला," दौलूमामा म्हणाले. "आये म्हणून मारली. तुला मारली, म्हणून मी उठलो न्हाई."